शब्दमर्यादा घालणाऱ्यांनी मोजणीही दाखवावी

संपादक महोदय,

आपल्या वृत्तपत्रासह बहुतेक मराठी नियतकालिके वाचकांच्या पत्रांना आणि कथा-निबंधांच्या स्पर्धांना शब्दमर्यादा घालतात. परीक्षा घेणाऱ्या संस्था ती घालतात आणि अलीकडे सरकारी संकेतस्थळांवरच्या अर्जांतही ती असते. मर्यादेला माझा विरोध नाही. पानावरची जागा आणि वाचणाऱ्याचा वेळ या दोन्ही गोष्टी मोजक्याच असतात. माझी तक्रार वेगळी आहे. शब्द कसे मोजले जाणार हे लिहिणाऱ्याला कुणी सांगत नाही आणि लिहिता लिहिता आपण कुठवर आलो हे दाखवणारा आकडा, जो आजच्या संगणकाला सहज दाखवता येतो, तो नेमका जिथे सर्वांत जास्त हवा तिथे नसतो. मराठीच्या बाबतीत तर ही मोजणी इंग्रजीकडून जशीच्या तशी उचललेली असल्याने तिचे परिणाम विचित्र होतात. हे पत्र आपल्या नेहमीच्या मर्यादेत बसणारे नाही, याची मला जाणीव आहे. उदाहरणे दिल्यावाचून हा विषय मांडता येत नाही. छापताना कात्री लावण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे.

संगणक शब्द मोजू लागला त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. युनिक्स या प्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत ‘डब्ल्यूसी’ नावाची एक छोटी आज्ञा होती आणि ती आजही वापरात आहे. परंतु ती मजकूर लिहून झाल्यावर मोजते. लिहीत असतानाच आकडा पुढे सरकत राहण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती बरीच उशिरा आली. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २००७च्या आवृत्तीपासून पडद्याच्या तळाशी शब्दसंख्या सतत दिसू लागली, वर्डसारख्याच लिबरऑफिस या मोफत कार्यक्रमाने २०१२ साली ३.६ या आवृत्तीत तशीच सोय दिली आणि गुगल डॉक्समध्ये टंकताना आकडा दिसत ठेवण्याचा पर्याय २०१९मध्ये आला. त्याआधी मेनूत जाऊन आकडा मागून घ्यावा लागे, आणि त्याहीआधी हस्तलिखिताच्या चार-दोन ओळींतले शब्द मोजून, त्यांची सरासरी काढून, तिला ओळींच्या आणि पानांच्या संख्येने गुणण्याचा हिशेब मुद्रणालयांत आणि संपादकीय विभागांत सर्रास चाले. शब्द खरोखर एकेक करून मोजले जात ते तारघरात, कारण तिथे प्रत्येक शब्दाला पैसे पडत. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली. मात्र तारेचा कारकून शब्द मोजून आकडा आपल्यासमोर सांगत असे आणि पटला नाही तर त्याच्याशी वाद घालता येत असे, ही गोष्ट आजच्या ऑनलाइन अर्जाविषयी म्हणता येत नाही.

यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला मजकूर. अर्थ, व्याकरण, समास यांच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून ‘आईवडील’ आणि ‘आई-वडील’ हा एक शब्द होतो आणि ‘आई वडील’ हे दोन होतात. वाक्यात दोन्ही बाजूंना जागा सोडून दिलेली आडवी रेघ वर्डमध्ये स्वतंत्र शब्द म्हणून मोजली जाते. लिबरऑफिसमध्ये मात्र अशा रेघेला शब्द तोडणारे चिन्ह मानण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, त्यामुळे एकाच लेखाचे दोन संगणकीय कार्यक्रमांतले आकडे जुळतीलच असे नाही. ‘१५ ऑगस्ट १९४७’ हे तीन शब्द. आद्याक्षरांनंतर जागा सोडणाऱ्याचे नाव तीन-चार शब्दांचे, न सोडणाऱ्याचे एक-दोन शब्दांचे. फोनवर बोलून मजकूर टंकणाऱ्यांच्या लिखाणात कधी कधी शब्दयोगी अव्यये नामापासून सुटी पडतात आणि ‘घरासमोर’चे ‘घरा समोर’ होऊन संख्या फुगते. मोठ्या लेखात हे फरक किरकोळ ठरतात. दीडशे शब्दांच्या अर्जात ते किरकोळ राहत नाहीत.

दीडशेचा आकडा मी सहज घेतलेला नाही. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांपर्यंतचा असावा, अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारच्या त्याच वर्षीच्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे. त्यातून जोडपत्रे, माहिती अधिकाऱ्याचा पत्ता आणि अर्जदाराचा पत्ता वगळले आहेत आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, असेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. काय मोजायचे, काय वगळायचे आणि आकडा ओलांडला तर काय होईल, हे तिन्ही एकाच नियमात सांगितलेले असल्याने केंद्राचा हा नियम मला नमुनेदार वाटतो. कोणतीही शब्दमर्यादा घालताना एवढे तरी सांगितले गेलेच पाहिजे.

आता हे दीडशे शब्द मराठीत किती भरतात ते पाहावे. ‘मला माझ्या गावातील रस्त्याच्या कामाची माहिती हवी आहे.’ हे वाक्य आठ शब्दांचे आहे. हिंदीत ‘मुझे अपने गाँव की सड़क के काम की जानकारी चाहिए’ असे म्हटले तर दहा शब्द होतात, आणि इंग्रजीत हेच साधेपणाने सांगायला बारा शब्द लागतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. हिंदीत ती बहुधा सुटी राहतात आणि इंग्रजीत तर नामाच्या आधी स्वतंत्र शब्दांची रांगच लागते. याचा अर्थ असा की १५० किंवा ५०० ही मर्यादा सर्व भाषांना सारखी लावली की मराठी लिहिणाऱ्याला थोडी जास्त जागा मिळते. आपल्याला मिळालेल्या सवलतीबद्दल कुणी तक्रार करू नये हे खरे. पण स्पर्धेत मराठी आणि इंग्रजी लेख एकत्र तपासले जात असतील, तर संयोजकांना ही गोष्ट माहीत असावी.

खरी अडचण मर्यादा शब्दांऐवजी ‘कॅरेक्टर’मध्ये घातली जाते तेव्हा सुरू होते, आणि ऑनलाइन अर्जांत ती बहुतेक वेळा तशीच घातली जाते, कारण कार्यक्रम लिहिणाऱ्याला तसे करणे एका ओळीचे काम असते. अर्जाच्या चौकटीखाली ‘५०० कॅरेक्टर्स’ असे लिहिलेले वाचून सामान्य माणूस त्याचा अर्थ पाचशे अक्षरे असा घेतो. यंत्र मात्र अक्षर मोजत नाही. देवनागरीतले प्रत्येक व्यंजन, प्रत्येक काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरात दडलेला प्रत्येक हलंत ही त्याच्या दृष्टीने वेगवेगळी चिन्हे असतात. वरच्या वाक्यातली अक्षरे आपण बोटांवर मोजली तर ती एकवीस भरतात. जागा आणि पूर्णविराम सोडूनही यंत्राच्या हिशेबी ती पंचेचाळीस चिन्हे होतात. एकट्या ‘रस्त्याच्या’ या शब्दात आपल्याला र, स्त्या, च्या अशी तीन अक्षरे दिसतात आणि यंत्राला अकरा चिन्हे. ‘राष्ट्र’मध्ये आपली दोन, यंत्राची सात. म्हणजे पाचशेची मर्यादा प्रत्यक्षात अडीचशेच्या आसपास अक्षरांवर संपते, आणि जोडाक्षरांनी भरलेली शासकीय मराठी लिहिणाऱ्याला तर ती त्याहूनही लवकर आडवी येते.

यातही आणखी एक गुंता आहे, जो खास मराठीचा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन पद्धतींनी उमटवता येतो. एका पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात. दुसरीत साधा ‘र’, त्यावर हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्या पद्धतीत हा शब्द सात चिन्हांचा आणि दुसरीत आठ चिन्हांचा होतो. ‘ॲ’ हेही एक चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच ‘अ’वर अर्धचंद्र देऊन दोन चिन्हांनीही. आपल्या कीबोर्डने यांतले काय उमटवले हे लिहिणाऱ्याला कळतही नाही. सारखा मजकूर टंकलेल्या दोघांपैकी एकाचा अर्ज बसतो आणि दुसऱ्याचा बसत नाही, हे अशा कारणाने घडू शकते.

माहिती अधिकाराचे आणि तक्रारींचे अर्ज लिहिण्यात इतरांना मदत करताना मला एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात आलेला अनुभव इथे सांगणे आवश्यक वाटते. आधी वर्डमध्ये नीट लिहून ठेवलेला मजकूर अर्जाच्या चौकटीत चिकटवला. तो गेल्यासारखा दिसला, पोचपावतीही मिळाली. छापील प्रत पाहिल्यावर कळले की शेवटची मागणीच त्यात नाही आणि मजकूर एका जोडाक्षराच्या मधोमध, पाय मोडलेल्या व्यंजनावर तुटलेला आहे. यामागचे कारण तांत्रिक आणि अगदी साधे आहे. चौकटीला कमाल लांबी लावलेली असली की ब्राउझर चिकटवलेल्या मजकुरातला जास्तीचा भाग निमूटपणे टाकून देतो. सूचना येत नाही, लाल रेघ उमटत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात चालता आकडा असता तर हे त्याच क्षणी लक्षात आले असते. तो आकडा दाखवायला कार्यक्रम लिहिणाऱ्याचा फार तर अर्धा तास जातो.

काही ठिकाणी चौकट मजकूर स्वीकारते आणि पाठवल्यानंतर पलीकडची यंत्रणा तो नाकारते. याचीही कारणे ठाऊक असलेली आहेत. साठवणीची मर्यादा चिन्हांऐवजी बाइट या संगणकीय जागेच्या एककात ठरवलेली असेल, तर मजकूर साठवण्याच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चार हजार बाइटच्या रकान्यात इंग्रजीची चार हजार अक्षरे मावतात, देवनागरीची १३३३ चिन्हे. शिवाय नवी ओळ सुरू करण्यासाठी दाबलेली एंटर कळ ब्राउझर एक चिन्ह म्हणून मोजतो आणि पाठवताना तिची दोन चिन्हे होतात, म्हणजे मुद्देसूद परिच्छेद पाडणाऱ्यालाच दंड! मोबाइलवरच्या लघुसंदेशाची तऱ्हाही निराळी नाही. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७० चिन्हे. म्हणून मराठी संदेश लवकर तुटून दोन-तीन तुकड्यांत जातो.

लिपीप्रमाणे मोजणी बदलता येत नाही, असे मात्र कुणी सांगू नये. ट्विटरने नोव्हेंबर २०१७मध्ये आपली मर्यादा १४०वरून २८०वर नेली तेव्हा चिनी, जपानी आणि कोरियन लिपींना जुनीच मर्यादा ठेवली, कारण त्या लिपींत थोड्या चिन्हांत जास्त आशय मावतो. वर्डसुद्धा चिनी मजकुरातले प्रत्येक चिन्ह एक शब्द म्हणून मोजतो. देवनागरीसाठी लागणारी व्यवस्थाही आता मानकात आहे. माणसाला एक अक्षर म्हणून जे दिसते त्याच्या सीमा कुठे धरायच्या याचे नियम युनिकोड या संगणकावरील लिप्यांच्या मानकाने ठरवलेले आहेत, आणि २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीपासून त्या नियमांत देवनागरीची जोडाक्षरे अखंड ठेवण्याची तरतूद झाली. म्हणजे ‘स्त्री’ या शब्दात सहा चिन्हे आहेत की एक अक्षर, या प्रश्नाला ‘एक अक्षर’ हे उत्तर संगणकाकडूनही मिळू शकते. ते विचारायची इच्छा हवी.

अक्षर हे एकक आपल्याकडे नवे आहे असेही नाही. जुन्या हस्तलिखितांची लांबी बत्तीस अक्षरांच्या ग्रंथमानाने मोजण्याची रीत भारतभर होती. गद्य असले तरी त्याची अक्षरे मोजून, बत्तिसाने भागून ग्रंथसंख्या काढली जाई, ती पोथीच्या शेवटी नोंदली जाई आणि लेखनिकाचा मोबदलाही त्यावर ठरत असे. नोंद शेवटी असल्याने नक्कल करणाऱ्याकडून मजकूर गळला की काय, हेही पडताळता येई. मोजणीचे एकक ठरलेले आणि सर्वांना ठाऊक, मोजलेला आकडा मजकुराबरोबर उघड लिहिलेला. आजच्या आपल्या अर्जांना यातले काहीच साधलेले नाही, हे थोडे लाजिरवाणे आहे.

लिहिताना आकडा डोळ्यांसमोर असावा की नसावा, यावर लेखकांत दोन मते आहेत. सतत बदलणारा आकडा लक्ष विचलित करतो, माणूस विचार करण्याऐवजी शब्द भरू लागतो, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कथेचा पहिला खर्डा लिहिताना तो आकडा खुशाल झाकून ठेवावा. वर्डमध्ये तळपट्टीवर उजवी टिचकी मारून तो काढून टाकता येतो. पण ठरलेल्या लांबीच्या लेखनाची गोष्ट वेगळी आहे. आकडा समोर नसेल तर कापड बेतून झाल्यावर माप घेणाऱ्या शिंप्यासारखी तिथे लेखकाची गत होते. आठशे शब्दांच्या लेखात प्रास्ताविकानेच साडेतीनशे खाल्ले, हे चारशेव्या शब्दाला कळले तर उपाय असतो. बाराशेव्या शब्दाला कळले की जी छाटणी होते ती बहुधा शेवटाची होते, आणि लेखाचा मुख्य मुद्दा बहुतेक वेळा तिथेच असतो.

या कामात माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय निवडलेल्या मजकुराच्या मोजणीची आहे. वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये एखादा परिच्छेद निवडला की तळाशी त्या परिच्छेदाची संख्या दिसते. कोणता भाग किती जागा घेतो हे त्यावरून लगेच समजते, आणि शीर्षक, पत्ता किंवा अवतरणे वगळून मोजायचे असेल तर तेही होते. वर्डमध्ये शब्दसंख्येवर टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या चौकटीत तळटिपा आणि मजकूरपेट्या धरायच्या की नाहीत याचा पर्याय असतो. संशोधनलेख पाठवणाऱ्यांनी तो एकदा तपासून घ्यावा, कारण वीस तळटिपांनी आकडा कुठल्या कुठे जातो.

परीक्षेत अर्थातच यंत्र सोबत नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दहा गुणांच्या प्रश्नाला १५० आणि पंधरा गुणांच्या प्रश्नाला २५० शब्दांची मर्यादा असते. अनिवार्य भारतीय भाषेच्या प्रश्नपत्रिकेत सहाशे शब्दांचा निबंध आणि उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश लिहावा लागतो, तोही हाताने. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केल्यापासून मराठी माध्यमातल्या मुलांना हा अंदाज आणखी गरजेचा झाला आहे. घरी टंकून सराव करणाऱ्यांनी निदान काही उत्तरे कागदावर लिहून मग ती टंकून मोजावीत, म्हणजे आपल्या हस्ताक्षराच्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात हे कळते. पडद्यावरच्या आकड्याची सवय झालेल्या डोळ्याला कागदावरचा अंदाज आपोआप येत नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोचावे असे माझे म्हणणे थोडे आहे. शासनाच्या मराठी संकेतस्थळांवर जिथे लांबीची मर्यादा असेल तिथे ती शब्दांत किंवा अक्षरांत सांगावी. चिन्हांत किंवा बाइटमध्ये सांगू नये. साठवणीची जागा त्या हिशेबाने वाढवावी, आजच्या काळात ती महाग नाही. चौकटीखाली उरलेली संख्या चालत्या आकड्यात दाखवावी. मर्यादा ओलांडली तर मजकूर तोडू नये. आकडा लाल करावा, अर्ज पाठवण्यापूर्वी तसे मराठीत सांगावे आणि काय गाळायचे हे लिहिणाऱ्यावर सोपवावे. नियमांत ‘सर्वसाधारणपणे’ असा शब्द असेल तर संगणकानेही थोडी सवलत दिली पाहिजे. कायद्याने दिलेली लवचिकता कार्यक्रम लिहिणाऱ्याने परस्पर काढून घेऊ नये. स्पर्धांच्या संयोजकांनी कोणत्या कार्यक्रमाचा आकडा ग्राह्य धरला जाईल आणि शीर्षक, तळटिपा व संदर्भ त्यात धरले जातील की नाही, हे नियमावलीत लिहावे.

आणि आपल्याकडूनही एक अपेक्षा. वाचकांच्या पत्रांच्या सदराखाली आपण दर वेळी शब्दमर्यादेचा आकडा छापता. त्यापुढे ‘शीर्षक, नाव व पत्ता वगळून, मोकळ्या जागेने तुटलेला प्रत्येक शब्द एक धरून’ एवढी ओळ जोडावी, आणि ऑनलाइन पत्र पाठवण्याच्या आपल्या चौकटीतही लिहिताना शब्दसंख्या दिसण्याची सोय करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक